सूचना वही

जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची ही वही
शाळा उघडल्यापासून माझ्या काखेत आहे.
खोली क्रमांक एक ते सोळा,
चालू जिना एकच,
दुसऱ्यावर मोडकी बाकं रचलीत.

ग्रुपवर टाकलं होतं, असं देशमाने बाई म्हणतात.
पण ग्रुपवर सकाळची फुलं येतात,
कुणाच्या भाच्याचा वाढदिवस येतो,
आणि त्याखाली दबून जाते
पोषण आहाराचा तांदूळ उतरवायची वेळ.
म्हणून पुन्हा वही, म्हणून पुन्हा मी,
जनार्दन मढवी, शिपाई, राहणार घणसोली गावठाण.
माझ्या आजाचं खाजण
या मैदानाखाली कुठंतरी आहे.
ते मी कुणाला सांगत नाही.
वहीत तशी सूचना नाही.

सूचना क्रमांक सात:
सहावी क ला अद्याप वर्गशिक्षक मिळालेले नाहीत.
सोबतच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येकाने आळीपाळीने
एकेक तास घ्यावा. सर्वांनी नोंद घ्यावी.

सर्वांनी घेतली.
तडवी सरांनी फळ्यावरचा खडू न थांबवता
डाव्या हातानं सही केली.
मुल्ला बाई गणवेशाची मापं घेत होत्या,
टेप दातात, सही गुडघ्यावर.
कारखानीस बाईंनी "काय आहे हो?" विचारलं
आणि मी तोंड उघडेपर्यंत पेनाला टोपण लागलं.
सोळा सह्या, एकही खाडाखोड नाही.
सहावी क त त्या दिवशी कुणी गेलं नाही.

बेचाळीस पोरं.
पहिल्या दिवशी दंगा, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त,
चौथ्या दिवशी दंगाही संपला.
दंग्याला मी भीत नाही, तेवीस वर्षं ऐकतोय.
त्या गप्प बसण्याला भ्यालो.
शेवटच्या बाकावर खाणीकडची रेणुका धोत्रे
दप्तर पाठीला तसंच अडकवून बसलेली.
उतरवावं असं काही घडलंच नव्हतं.

मला शिकवता येत नाही. नववी नापास,
बीजगणितात, आणि इंग्रजीतही.
पण वाचता येतं.
दारात उभा राहिलो, सूचना क्रमांक सात
खड्या आवाजात वाचली, तक्त्यासकट:
सोमवारी कोण, मंगळवारी कोण, कितव्या तासाला.
"आम्हाला कशाला सांगता, काका?"
"नोंद घ्या," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाचा टोल दिला,
पितळ अजून घुमत होतं
तर रेणुका जिन्यावर. पाठ मोकळी.
शिक्षकखोलीच्या उंबऱ्याला अंगठे टेकवून म्हणाली,
"सर, तुमचा आमच्या वर्गावर तास आहे."
तडवी सरांचा कप ओठांपर्यंत गेलेला,
तिथून तो बशीत परत आला.
सर काही बोलले नाहीत. डस्टर शोधलं.
ती पुढे, सर मागे,
कोर्टातला पुकारा झाल्यासारखे.

आता रोज कुणीतरी येतं.
पोरांनी आपसात पाळ्या लावल्यात, मला न विचारता.
कारखानीस बाई सही करण्याआधी वाचतात,
दारात कोण येऊन उभं राहील नेम नाही.
दुसरी अ लाही रोज सूचना हवी असते.
त्यांना मी आधार कार्डाच्या दुरुस्तीचं वाचून दाखवतो,
ती मन लावून ऐकतात, शेवटी टाळ्या वाजवतात.

काल सूचना क्रमांक एकोणीस.
सहावी क साठी वळवी बाई सोमवारपासून रुजू होतील.
इथं टाळ्या येतील म्हणून मी थांबलो.
आल्या नाहीत.
रेणुकानं बाकाची कड नखानं खरवडत विचारलं,
"मग तिसऱ्या तासाला आणायचं कुणाला?"
मी पान पुन्हा पाहिलं, उलटूनही पाहिलं.
मग वही तिच्या हातात दिली,
दोन्ही हातांनी धर म्हटलं, जड आहे,
चल, अजून अकरा खोल्या राहिल्यात.